खलनायकाचा चेहरा

तमराज किल्विष आठवतो का? आठवत नसेल तर एक तर तुम्ही फार लहान आहात, किंवा तुमच्या घरी केबल फार लवकर आली. १३ सप्टेंबर १९९७ रोजी दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ सुरू झालं आणि २७ मार्च २००५पर्यंत चाललं. साडेसात वर्षं. तेवढ्या काळात आमची एनडीए झाली, आयएमए झाली आणि पहिलं फील्ड पोस्टिंगही झालं. रविवारी दुपारी स्क्वाड्रनच्या अँटीरूममध्ये टीव्ही लागायचा. फर्स्ट टर्मवाल्यांना आत जायची मुभा नसे, त्यामुळे पहिले सहा महिने आम्ही शक्तिमान नुसता ऐकला; पाहिला तो नंतर. देशाचे भावी अधिकारी, वय वर्षं अठरा, आणि समोर मरून-सोनेरी पोशाखातला मुकेश खन्ना भोवऱ्यासारखा गरगरतोय. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

मला शक्तिमानपेक्षा किल्विष जास्त ओळखीचा वाटायचा. त्याला कारण होतं. किल्विष झालेले सुरेंद्र पाल हे बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’तले द्रोणाचार्य. मुकेश खन्ना तर भीष्म. कुरुक्षेत्रावर एकाच बाजूला उभे राहिलेले हे दोघे इथे समोरासमोर आले होते. किल्विष अंधाराच्या गोष्टी बोलायला लागला की कानाला आवाज गुरुजींचा लागायचा. आपल्याकडचा खलनायक बहुधा असा घरातलाच असतो. रावण वेद जाणणारा, दुर्योधन चुलतभाऊ, कंस मामा. इथे दिल्लीच्या आसपास याचं जिवंत उदाहरण आहे. पश्चिम दिल्लीतल्या तितारपूरला दसऱ्याआधी रस्त्याच्या कडेला रावणाचे पुतळे बांबू-कागदातून उभे राहतात आणि शहरभर जाळायला जातात. तिथून तासा-दीड तासावर ग्रेटर नोएडाजवळ बिसरख नावाचं गाव आहे. रावण आपल्या गावचा, असं तिथले लोक मानतात आणि दसऱ्याला त्याला जाळत नाहीत. एकाच महानगर परिसरात दोन्ही. ट्रॅफिक मात्र दोन्हीकडे सारखाच.

किल्विषला देश नव्हता. त्याचा झेंडा नव्हता, पासपोर्ट नव्हता, विशिष्ट डोळे किंवा नाक नव्हतं. तो काळा होता, कारण तो अंधार होता. (गोरेपणाच्या क्रीमा विकणाऱ्या देशात पाप काळंच का असतं, यावर वेगळं लिहिता येईल.) पण अमुक चेहऱ्याचा माणूस दिसला की तो किल्विषचा, असं शक्तिमान पाहणाऱ्या पोराला वाटायचं काही कारण नव्हतं.

हे सगळं आठवायचं निमित्त आमच्या क्वार्टर्समधली पोरं. दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये संध्याकाळी पाच ते सात मैदानावर त्यांचं राज्य असतं. शेजारच्या ब्लॉकमध्ये माझा एक कोर्समेट राहतो. तांगखुल नागा, मणिपूरच्या उखरूल जिल्ह्यातला. त्याचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. पोरं सुपरहिरो-सुपरहिरो खेळतात, त्यात कुणी आयर्न मॅन असतो, कुणी स्पायडरमॅन, आणि हा कायम निन्जा. निन्जांचं काम एकच: ओळीने यायचं आणि मरायचं. ‘‘माझ्या पोराने या महिन्यात चाळीसेक वेळा तरी देह ठेवलाय,’’ कोर्समेट मेसमध्ये म्हणाला, ‘‘पण सायटेशन एकाचंही आलेलं नाही.’’ आम्ही हसलो. मग तो म्हणाला, काल रात्री पोराने विचारलं, पप्पा, आपण कुठल्या बाजूचे?

पोरांच्या मनात वाईट काही नाही, हे मी खात्रीने सांगतो. त्यातल्या निम्म्यांचे बाप या कोर्समेटबरोबर काश्मीरमध्ये एकाच बंकरमध्ये झोपलेले आहेत. पोरांनी ते घरातून उचललेलं नाही. उचललंय ते मोठ्या भावांच्या मोबाइलवरून. नेटफ्लिक्सवर २०१५ साली ‘डेअरडेव्हिल’ ही मार्व्हलची मालिका आली. न्यूयॉर्कच्या एका वस्तीचं रक्षण करणारा आंधळा वकील हा नायक. आणि त्या वस्तीला पोखरणारी टोळी? नोबू नावाचा जपानी, मादाम गाओ नावाची हेरॉइनवाली म्हातारी चिनी बाई आणि ‘हँड’ नावाची निन्जांची गुप्त संघटना. निन्जांना चेहरेच नाहीत, तोंडाला फडकी. कितीही मेले तरी प्रेक्षकाला हिशेब ठेवावा लागत नाही. २०१७ला आली ‘आयर्न फिस्ट’. त्यात पूर्वेकडची सगळी विद्या शिकून सगळ्यांत भारी ठरतो तो न्यूयॉर्कच्या अब्जाधीशाचा सोनेरी केसांचा मुलगा. त्यावर अमेरिकेतल्या आशियाई प्रेक्षकांनीच टीकेची झोड उठवली. पण ती टीका आपल्या पोरांपर्यंत पोचत नाही. मारामारी पोचते.

हा चेहरा आला कुठून, हे शोधायला गेलं की गंमत म्हणजे सुरुवात एका सेनापतीच्या थाटात मिरवणाऱ्या राजापासून होते. जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म. १८९५ साली त्याने हेर्मान क्नाकफुस या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं. युरोपातली राष्ट्रं शस्त्रधारी देवींच्या रूपात कड्यावर उभी आहेत आणि दूर जळत्या शहरावर ढगात बुद्ध बसलेला आहे. बुद्ध! ज्याने शस्त्र हातात धरलं नाही, तो युरोपवर चाल करून येणारा शत्रू. या चित्राच्या प्रती कैसरने युरोपच्या दरबारांत पाठवल्या आणि ‘पिवळं संकट’ हा शब्दप्रयोग घरोघरी गेला. पाच वर्षांनी, जुलै १९००मध्ये, चीनमधल्या बॉक्सर उठावाविरुद्ध निघालेल्या सैन्याला त्याने ब्रेमरहाफेनच्या बंदरावर भाषण दिलं: कुणाला जीवदान देऊ नका.

त्याच मोहिमेत आठ राष्ट्रांच्या फौजांबरोबर हिंदुस्थानी पलटणीही पेकिंगला गेल्या होत्या. त्यात सातव्या राजपूत पलटणीत ठाकूर गदाधर सिंह होते. त्यांनी परत आल्यावर ‘चीन में तेरह मास’ हे हिंदी पुस्तक लिहिलं. ते १९०२ साली निघालं. माझ्या मते प्रत्येक भारतीय अधिकाऱ्याने ते एकदा तरी चाळावं. साम्राज्याचा पगार खाणारा, हुकुमाप्रमाणे लढलेला हा सैनिक लुटलेली गावं आणि रस्त्याकडेची प्रेतं पाहून व्यथित होतो, आणि समोरच्या चिनी माणसात आपल्यासारखाच एक आशियाई माणूस त्याला दिसतो. कैसरला जे राजवाड्यातून दिसलं नाही ते याला संगिनीच्या टोकावरून दिसलं.

पण पुस्तकं खपली ती दुसरीच. १९१३ साली सॅक्स रोमर या इंग्रज लेखकाने डॉक्टर फू मांचू जन्माला घातला. लांब नखं, बारीक डोळे, अफाट बुद्धी आणि गोऱ्यांच्या जगाचा नाश हे एकच काम. सिनेमात त्याला एकामागून एक गोरे नट मिळाले. १९३२ साली तो झाला बोरिस कार्लोफ, ज्याचे वडील हिंदुस्थानातल्या ब्रिटिशांच्या मीठ खात्यात अधिकारी होते! १९५६ला अमेरिकेत फू मांचूची टीव्ही मालिकाही झाली. दरम्यान चित्रकथांनी हा साचा उचलला होता. १९३४च्या फ्लॅश गॉर्डनमध्ये परग्रहावरचा क्रूर सम्राट आहे, पण त्याचं नाव मिंग. म्हणजे दुसऱ्या ग्रहावर गेलो तरी शत्रू चीनचाच. १९६४ला आयर्न मॅनसमोर उभा राहिला तो मँडरिन. आयर्न मॅन स्वतः १९६३चा, आणि त्याची जन्मकथा घडते व्हिएतनाममध्ये. अमेरिकेचं युद्ध जिकडे सरकलं तिकडे खलनायकाचं पोस्टिंग झालं.

टीव्हीच्या कार्टूनवाल्यांना पुढे याची थोडी लाज वाटायला लागली असावी. १९८६ला ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’ आलं. त्यात फ्लॅश गॉर्डन, वेताळ आणि मँड्रेक हे तिघे एकत्र येऊन मिंगशी लढतात. या मिंगची कातडी हिरवी. १९९४च्या आयर्न मॅन कार्टूनमधला मँडरिनही हिरवा. पिवळा म्हणायची सोय राहिली नाही, म्हणून रंग बदलला. ट्रकचा रंग आणि नंबरप्लेट बदलून तोच माल चेकपोस्टवरून काढतात, त्यातलाच प्रकार. लहान मूल हिरव्या रंगाने फसत नाही. त्याला आकृती कळते.

आशियाई माणसाला चांगली भूमिका मिळाली तरी ती कुठली? १९६६ची ‘द ग्रीन हॉर्नेट’ घ्या. नायक श्रीमंत गोरा वृत्तपत्रमालक, आणि काटो हा त्याचा ड्रायव्हर-नोकर. रेडिओच्या काळात हा काटो आधी जपानी होता, पुढे फिलिपिनो झाला. टीव्हीवर तो झाला ब्रूस ली. अमेरिकेत मालिका २६ भागांत आटोपली, पण हाँगकाँगमध्ये लोक तिला ‘काटो शो’ म्हणूनच ओळखायचे. बघणाऱ्याच्या जागेवरून नायक बदलतो, तो असा.

आता आपल्याकडे येऊ. इंद्रजाल कॉमिक्स ज्यांनी वाचलंय त्यांना वेताळाचं डेंकाली आठवत असेल. ली फॉकच्या १९३६च्या मूळ कथेत ते ‘बेंगाला’ किंवा ‘बेंगाली’ होतं, आणि वेताळाचे पिढीजात शत्रू होते सिंग चाचे. सिंग! १९६४पासून टाइम्स ऑफ इंडियाने या कथा भारतात छापायला घेतल्या तेव्हा बेंगालीचं डेंकाली झालं आणि सिंगांचे ‘सिंगा’ झाले. मुंबईतल्या कुणा संपादकाने लाल पेन्सिल फिरवली आणि लाखो शीख पोरं चाचे व्हायची वाचली. मला हे काम फार मोलाचं वाटतं. शाळेच्या मधल्या सुट्टीत वेताळ-वेताळ खेळताना एखाद्या सिंग आडनावाच्या पोराला रोज समुद्रात बुडवलं गेलं असतं, तर त्याच्या घरी रात्री जो प्रश्न निघाला असता तो मी नुकताच मेसमध्ये ऐकला होता.

स्वतःवर वेळ आली की आपल्याला हे लगेच कळतं. १९८४ला ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’मध्ये अमरीश पुरी मोलाराम झाले, जिवंत माणसाचं काळीज उपटून काढणारा पुजारी. मेजवानीत माकडाचा मेंदू. भारत सरकारने पटकथा पाहून चित्रीकरणाला नकार दिला, आणि शूटिंग श्रीलंकेत झालं. योग्यच केलं. पण याच अमरीश पुरींचे थोरले भाऊ मदन पुरी १९५८ला ‘हावडा ब्रिज’मध्ये जॉन चँग झाले होते, कलकत्त्यातला चिनी तस्कर. १९६२च्या ‘चायना टाउन’मध्ये पुन्हा तेच. पंजाबी घरातला एक भाऊ आपल्यासाठी चिनी खलनायक झाला, दुसरा अमेरिकेसाठी हिंदू खलनायक. पहिल्या वेळी कुणी तक्रार केली नाही.

‘हावडा ब्रिज’चं साल पाहा. १९५८. हिंदी-चिनी भाई-भाईचे दिवस पुरते सरले नव्हते. म्हणजे आपला पडद्यावरचा चिनी खलनायक ६२च्या युद्धातून आलेला नाही, हॉलिवूडमधून आलाय. अफू, जुगाराचा अड्डा, ड्रॅगन, सगळं सामान तिथलं. त्याआधी बारा वर्षं, १९४६ला, आपल्या व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला होता. सोलापूरचा डॉक्टर चीनमध्ये जाऊन चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करतो, तिथल्याच नर्सशी लग्न करतो आणि १९४२ला तिथेच मरतो. जयश्रीबाईंनी ती चिनी नर्स केली. चेहरा मराठीच, पण मान होता. (त्या चित्रपटात खलनायकी जपान्यांच्या वाट्याला आली, हेही खरं.) बारा वर्षांत नर्स गेली आणि तस्कर आला.

मग डॅनी डेन्झोंग्पा. सिक्कीमचा पोरगा, एनसीसीचा कॅडेट, दिल्लीच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात चाललेला. पुण्याच्या एएफएमसीत त्याची निवड झाली होती. ती सोडून तो त्याच पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटला गेला. थोडक्यात आमचा एक डॉक्टर कॅप्टन गेला. मुंबईत सुरुवातीला एका निर्मात्याने त्याला पहारेकऱ्याची नोकरी देऊ केली होती, हे त्याने स्वतःच सांगितलेलं आहे. १९९०च्या ‘अग्निपथ’मध्ये त्याच्या पात्राचं नाव काय ठेवलं? कांचा चीना. नेपाळीत ‘कांछा’ म्हणजे धाकटा मुलगा. आपल्या शहरांत कुठल्याही गुरख्याला, हॉटेलातल्या पोऱ्याला त्याच नावाने हाक मारतात. आणि चीना म्हणजे चीना. पहारेकरी आणि परका, एका नावात दोन्ही बसवलं. डॅनीने त्या माणसाला सूट चढवला, हळू बोलायला लावलं आणि अमिताभच्या तोडीस तोड उभा केला, हे त्याचं कर्तृत्व. २०१२ला चित्रपट पुन्हा झाला तेव्हा कांचा चीना झाला संजय दत्त. चेहरा गेला तरी नाव राहिलं.

दूरदर्शनने असा साचा आणला नाही, याचं श्रेय मी मंडी हाउसला देतो. पण त्या पडद्यावर सुपरहिरोच्या बाजूलाही हा चेहरा मला कधी दिसला नाही. खलनायक नाही, नायक नाही, शेजारी नाही, वर्गमित्र नाही. जागा रिकामी होती आणि रिकाम्या जागेत कोण घुसतं हे आमच्या पेशातल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

पडद्यावरच्या गोष्टीला इतकं मनावर का घ्यायचं, असं कुणी म्हणेल. त्यांनी दिल्लीतल्या पुराण्या किल्ल्यात एक चक्कर मारावी. पांडवांचं इंद्रप्रस्थ, शेरशहा, हुमायूनचा जिना, हे सगळं गाइड सांगतो. १९४२ साली मलाया-सिंगापूरकडून आणलेल्या जपानी नागरिकांना या तटबंदीत तंबू ठोकून कोंडलं होतं, हे सांगत नाही. सैनिक नव्हेत, दुकानदार, फोटोग्राफर, बायका, मुलं. पुढे त्यांना राजस्थानात देवळीला हलवलं. वीस वर्षांनी, १९६२च्या युद्धात, त्याच देवळीला आपण आपल्याच देशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या सुमारे ३००० चिनी वंशाच्या लोकांना नेऊन ठेवलं. आसाममधल्या माकूमसारख्या गावांतले सुतार, चामड्याचे कारागीर, हॉटेलवाले. काहींना १९६७पर्यंत सुटका नव्हती. सरकारला युद्धकाळात संशयितांवर नजर ठेवावीच लागते, हे मी मान्य करतो. ते काम मी जवळून पाहिलंय. पण ज्याच्यावर संशय आहे त्याला पकडणं आणि ज्याचं नाक चपटं आहे त्याला पकडणं ही दोन वेगळी कामं आहेत.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. २००७ला दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, कोलकाता पोलिसांतला शिपाई, टीव्हीवर ‘इंडियन आयडॉल’ झाला. दिल्लीच्या एका रेडिओ निवेदकाने विनोद केला की गुरखेच गायला लागले तर पहारा कोण देणार. सिलिगुडीत दंगल पेटली, लष्कर बोलवावं लागलं. जानेवारी २०१४मध्ये लाजपतनगरच्या बाजारात अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याच्या केसांवरून कुणीतरी शेरा मारला, भांडण झालं, मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो पोरगा मेला. त्यानंतर बेझबरुआ समिती नेमली गेली. ईशान्येचा इतिहास देशभरच्या अभ्यासक्रमात घाला, अशी तिची एक शिफारस होती. मार्च २०२०मध्ये याच शहरात मणिपूरच्या एका मुलीवर ‘कोरोना’ म्हणत कुणीतरी थुंकलं. आणि माझ्या कोर्समेटला एका ऐतिहासिक वास्तूच्या तिकीट खिडकीवर परदेशी पर्यटकाचा दर सांगितला गेला. त्याने ओळखपत्र पुढे केलं. खिडकीतल्या माणसाने ते उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, ‘‘असली है?’’

आता माझ्या पेशाचं बोलतो. सैनिकाच्या दृष्टीने हा विषय सभ्यतेचा कमी आणि गुप्तवार्तेचा जास्त आहे. ठोकळेबाज चेहरा म्हणजे खराब इंटेलिजन्स. १९४१ साली मलायातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांची जपान्यांबद्दलची समजूत काय होती? बुटके, चष्मिष्ट, रात्री विमान उडवता न येणारे. फू मांचूच्या काळात वाढलेली ही पिढी. ८ डिसेंबरच्या पहाटे जपानी कोटा बारूच्या किनाऱ्यावर उतरले तेव्हा समोर तिसरी/सतरावी डोग्रा पलटण होती, म्हणजे किंमत मोजायला पहिल्या ओळीत आपलीच पोरं. १० डिसेंबरला त्याच ‘आंधळ्या’ वैमानिकांनी ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि ‘रिपल्स’ या दोन युद्धनौका बुडवल्या. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं आणि दोन दिवसांनी फॅरर पार्कवर ४० हजारांहून जास्त हिंदुस्थानी सैनिकांना जपान्यांच्या हवाली करण्यात आलं.

त्यानंतर जे झालं ते अधिक बोलकं आहे. काल जो माकडासारखा होता तो रातोरात जंगलातला अजिंक्य अतिमानव झाला. खलनायकाचा सुपरहिरो. जनरल स्लिम यांना १९४३मध्ये चौदाव्या आर्मीच्या डोक्यातून आधी हा अतिमानव काढावा लागला. त्यांनी छोट्या-छोट्या गस्ती पाठवल्या, छोटे विजय मिळवू दिले, आणि हळूहळू जवानांना दिसलं की जपानी सैनिकही थकतो, चुकतो, घाबरतो आणि मरतो. अतिशय चिवट, शिस्तबद्ध, पण माणूस. तो माणूस दिसू लागल्यावरच त्याला हरवता आलं.

आणि हरवलं कुठे? मार्च १९४४मध्ये कोहिमाकडे निघालेल्या जपानी तुकड्यांना सांगशाकला पन्नासाव्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडने पाच-सहा दिवस अडवलं. पाणी नाही, विमानातून टाकलेली रसद बरीचशी शत्रूच्या हद्दीत पडते, जमीन इतकी खडकाळ की खंदक खोल जात नाहीत. त्या ब्रिगेडबरोबर आमची चौथी/पाचवी मराठा होती. सांगशाक म्हणजे तांगखुलांचं गाव. माझ्या कोर्समेटच्या मुलखात सातारा-कोल्हापूरची पोरं पुरलेली आहेत. ज्या पोराला आमची पोरं निन्जा करतात, त्याच्या डोंगरावर मराठ्यांनी जपान्यांचा रस्ता रोखला होता.

दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्येच राजपुताना रायफल्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. त्यांच्या दुसऱ्या बटालियनबरोबर कारगिलमध्ये कॅप्टन नेइकेझाकुओ केंगुरुसे होते, नागालँडचे, मूळचे आर्मी सर्व्हिस कोअरचे. घरचं नाव नेइबू. जाट-राजपूत जवानांच्या जिभेवर ते बसेना, म्हणून त्यांनी प्रेमाने ‘निंबू साब’ केलं. २८ जून १९९९च्या रात्री द्रासमध्ये सोळा हजार फुटांवर, उणे तापमानात, कडा चढताना बूट घसरायला लागले तेव्हा निंबू साबनी बूट काढले आणि अनवाणी चढले. मरणोत्तर महावीरचक्र. त्या रात्री त्यांच्या मागे दोराला लटकलेल्या राजस्थान-हरियाणाच्या जवानांपैकी कुणाला त्यांचे डोळे कसे आहेत याची फिकीर असेल, असं मला वाटत नाही.

पडद्यावर थोडं बदलतंय. २०२१च्या ‘शांग-ची’त मँडरिनचा साचा मोडून त्या जागी टोनी लेउंगने एक बाप उभा केला, चुकलेला पण समजणारा. २०२५ला ‘पाताल लोक’चा दुसरा हंगाम दिल्लीहून नागालँडला गेला. तिथली माणसं चांगली, वाईट, लबाड, भाबडी, सगळ्या प्रकारची निघाली. त्यातला भाडोत्री नेमबाज झाला होता तोच प्रशांत तमांग. मला ती मालिका आवडली, कारण त्या नेमबाजाला राग होता, घर होतं, कारण होतं. तोंडाला फडकं बांधून ओळीने मरायला आलेला तो नव्हता.

गेल्या रविवारी मी पोरांना मैदानावर बसवून सांगशाक सांगितलं. टेकडी म्हणून मातीचा ढीग मिळाला, पॅराशूट म्हणून हिच्या दोन ओढण्या. मराठा पलटण व्हायला सगळे तयार. कोर्समेटचा पोरगा तांगखुल स्काउट झाला, कारण वाटा त्यालाच ठाऊक. मग आयर्न मॅनने हात वर करून विचारलं, ‘‘अंकल, जापानी कौन बनेगा?’’ एक मिनिट शांतता. शेवटी सिग्नल्सच्या मेजरची सात वर्षांची मुलगी उभी राहिली. जनरलकडे तलवार असणार असेल तर ती जपानी व्हायला तयार होती, पण मरायचं की नाही ते ती ठरवणार. यावर वाटाघाटी चालू आहेत.